कूलरमधली बाळंतीण

सुकन्याला लग्नानंतर आठ वर्षांनी दिवस गेले होते, त्या उन्हाळ्यात तिच्या माहेरी, उदगीरच्या घराच्या खिडकीतल्या कूलरमध्ये होला पाखरांच्या जोडीनं घरटं केलं. कूलरची एका बाजूची जाळी गेल्या पावसाळ्यातच कुजून पडली होती. तिथून मादी आत शिरली आणि चार काड्यांवर दोन अंडी घालून बसली. पिल्लं निघाली तेव्हा मे महिना लागला होता.

मल्लेश गुरुवारी लातूरहून आला, तर घरावरचे पत्रे उन्हानं कडकड वाजत होते. वरचा पंखा गरम हवा खाली ढकलत होता. त्याची आई नीलम्मा डोक्यावर ओला पंचा घेऊन बाजेवर पडली होती. ओठ सुकून फुटले होते.

"अव्वा, त्रेचाळीस झालंय आज. कूलर लावतो."

"बाळंतिणीच्या खोलीत वारं सोडतेत का रे?" नीलम्मा म्हणाली. "तुझी बायको सव्वा महिना कानाला फडकं बांधून बसली व्हती, तवा तर लई जपत व्हतास."

"ती माणूस व्हती. हे पाखरू हाय."

"आधी आई हाय."

मल्लेशला हसू आलं, पण ते टिकलं नाही. अव्वाचा जीव कूलरमध्ये नव्हता, नांदेडात लेकीच्या सासरी होता, हे त्याला ठाऊक होतं. सुकन्याला नववा लागला होता. डॉक्टरांनी प्रवास बंद केला, म्हणून पहिलं बाळंतपण असूनही लेकीला माहेरी आणता आलं नाही. नीलम्माचे गुडघे गेलेले. तिलाही जाता येईना. मग लेकीचं जे करायचं राहिलं ते ती या पाखराचं करत होती. उठून घरट्यात डोकावायची सोय नव्हती. सकाळ-संध्याकाळ मल्लेशचे वडील गुरुपादप्पा स्टुलावर चढून बघायचे आणि बायकोला सांगायचे. डोळे उघडले. पिसं आली. "हिची पिल्लं सुखरूप उडाली की माझी सुकन्या सुटली म्हणा," असं ती शेजारच्या गुरम्मालाही सांगून बसली होती.

"मग लातूरला चल माझ्याकडं."

"हिला टाकून?"

मल्लेश चिडला. "घरटं अलगद उचलून बाजूला ठेवतो," म्हणत त्यानं स्टूल ओढलं. तोच गुरुपादप्पा आडवे आले. जन्मात पोरांवर आवाज न चढवलेला माणूस, पण हात पसरून कूलरपुढे उभा राहिला.

"हात लावायचा न्हाई. पंख फुटायलेत. दोन-चार दिवसाचं काम हाय."

"अप्पा, तुम्ही पण?"

गुरुपादप्पांनी त्याच्याकडं बघितलं नाही. खिडकीतून हात घालून त्यांनी कूलरच्या झाकणावर चिमूटभर ज्वारी टाकली. तिथं कालची ज्वारी तशीच पडली होती.

"बघ," बाजेवरून नीलम्मा म्हणाली, "तुझ्या अप्पाला कळतंय."

मल्लेश संध्याकाळच्या बसनं परत गेला.

शनिवारी गुरम्माचा फोन आला. रविवारी सकाळी अव्वाची माती झाली. त्याच पहाटे नांदेडात सुकन्याला मुलगी झाली होती. तिला आईचं कुणी सांगितलं नाही.

तिसऱ्या दिवशी घर पाहुण्यांनी भरलं. लहान लेकरं उन्हानं रडायला लागली. कुणीतरी म्हणालं, "आता तरी कूलर लावा." मल्लेश स्टुलावर चढला. या वेळी गुरुपादप्पा आडवे आले नाहीत. भिंतीला टेकून खाली बघत बसले.

आत वाळक्या काड्या होत्या. दोन करडी पिसं आणि मुंग्यांची जुनी रांग. एवढंच.

"अप्पा, पिल्लं?"

"कावळ्यानं नेली," गुरुपादप्पा म्हणाले. "सांगितलं असतं तर तिनं ते सुकन्यावर धरलं असतं. म्हटलं, पोरगी सुटली की सांगू, उडाली म्हणून."

"कवा नेली?"

पिल्लं मल्लेश आला त्या गुरुवारच्या आधीच, मंगळवारी गेली होती. नीलम्मा त्याच आठवड्यात, शनिवारी दुपारी तीन वाजता गेली.