पलीकडचा भुंक्या

चांगलं उजाडलं तरी फोगार्टीचं इंजिन भुंकलं नाही.

एल्डन स्वॉन्सन स्वतःचं इंजिन सुरू करून मागच्या दारात येऊन उभा होता. कॉफी गार होऊन गेली. त्यानं आपलं इंजिन बंद केलं आणि पुन्हा कान दिला. दरीपलीकडून काहीच आलं नाही.

ब्रॅडफर्डच्या डोंगरातल्या तेलविहिरींचा प्रत्येक छोटा मालक त्या उपसणाऱ्या इंजिनाच्या धुराड्यावर स्वतःच्या हातानं चिरा पाडलेली नळी बसवायचा. तिला सगळे भुंक्या म्हणत. चिरा जशा, तसा आवाज. कुणाच्या विहिरी चालू आहेत आणि कुणाचं काम अडलंय, ते घरात बसून कळायचं. एके काळी सकाळ झाली की सगळी टेकाडं भुंकत उठायची. मग काहींना मोठ्या कंपन्यांनी विकत घेतलं, काहींच्या विहिरी आटल्या, काही जण स्वतःच आटले. उरले ते दोन: अलीकडे एल्डनचा घोगरा आणि पलीकडे लिओ फोगार्टीचा कर्कश. आणि या दोघांचं कित्येक वर्षांत बोलणं नव्हतं. जमिनीतलं तेल विहिरीकडे रेटायला खाली पाणी सोडतात. ते एल्डननं हद्दीला खेटून सोडलं आणि लिओच्या विहिरींतून तेलाऐवजी पाणीच वर यायला लागलं.

‘गेला वाटतं म्हातारा,’ एल्डन मनात म्हणाला. त्यानं टोपी घातली आणि दरीत उतरला. वाटेत बर्फाचा चिखल झाला होता. लिओच्या शेडमधून विहिरींकडे गेलेल्या, इंजिनाच्या जोरावर तिथले पंप ओढणाऱ्या लांबलचक लोखंडी सळ्या झाडीत गप्प पडून होत्या. त्या हलत नाहीत हे पाहून त्यानं पाय उचलला. धापा टाकत तो वर पोचला, तर लिओ गाडीत खुर्च्या भरत होता. धडधाकट.

एल्डनला इतका राग आला की बोलणं बंद असल्याचंही तो विसरला.

“तू जिवंत आहेस?”

“तुझी काही हरकत?” लिओ म्हणाला.

“मग इंजिन का बंद? मला वाटलं, आडवा झालास. हे गुडघे घेऊन दरी चढून आलोय मी!”

“कुणी बोलावलं होतं?” लिओनं खुर्ची आत ढकलली. मग जरा नरमाईनं म्हणाला, “तेलाचा टँकर यायचा नाही आता. एवढ्याशा तेलासाठी चढ परवडत नाही म्हणतात. पोरगी तिच्याकडे ईरीला बोलावतेय. आज निघतो.”

“आज?”

“आज.”

एल्डन शेडपाशी गेला. इंजिनाच्या चाकावर त्यानं हात ठेवला. चाक गार होतं.

“सळ्या सोडवून टाक,” तो पाठमोराच म्हणाला. “विहिरी राहू देत. नुसतं इंजिन चालव.”

“रिकामं? आणि गॅस काय तुझा बाप देणार?”

“मी देतो. माझ्या विहिरीचा गॅस आहे, नळ टाकतो दरीतून. वरकड कामही करतो. तू फक्त रोज सुरू करायचं.”

“आणि काढायचं काय त्यातून?”

एल्डन टोपी काढून तिच्या आत बघत राहिला.

“सकाळी फार शांत वाटतं रे,” तो शेवटी म्हणाला.

लिओ गाडीच्या फळीवर टेकला.

“इतकी वर्षं शिव्या घातल्या तुला,” लिओ म्हणाला. “रोज. इथं पायरीवर बसायचं, तुझं ते खोकणारं इंजिन सुरू झालं की म्हणायचं, उठला चोर. मग माझं सुरू करायचं. एकदा तू तापानं पडला होतास ना, दोन-तीन दिवस आवाज नव्हता? मी निम्म्या वाटेपर्यंत आलो होतो.”

“मग पुढे का नाही आलास?”

“तुझं सुरू झालं ना तेवढ्यात. फिरलो मागे.”

“गाढव आहेस.”

“आणि तू चोर आहेस. ये, कपाट धर एका बाजूनं.”

दोघांनी कपाट चढवलं. पलंग चढवला. लिओनं घराला कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली आणि एल्डनशी हात मिळवला. लिओचा हात त्याच्या हातात थोडा जास्त वेळ राहिला. गाडी उतारावरून गेली आणि वळणावर दिसेनाशी झाली. एल्डन घरी आला तेव्हा त्याच्या लक्षात आलं की दिवसभरात त्यानं काही खाल्लं नव्हतं. त्यानं घेवड्याचा डबा उघडला आणि गरम न करताच संपवला.

दुसऱ्या दिवशी त्यानं नेहमीच्या वेळेला इंजिन सुरू केलं. शेडच्या पत्र्यांना हादरे बसले, कान बधिर झाले. दारात उभं राहायचं त्याला काही कारण नव्हतं. तरी तो उभा राहिला. मग कॉफी थर्मासमध्ये भरली, अंगात कोट चढवला आणि पुन्हा दरीत उतरला.

कुलूप लावलेल्या घरासमोर, लिओच्या पायरीवर तो बसला. थर्मासचं झाकण उघडलं. दरीवरून त्याच्याच इंजिनाचा घोगरा आवाज येत होता, धिमा, एका लयीत. इतक्या लांबून त्यानं तो कधीच ऐकला नव्हता. त्याला बरं वाटलं. पलीकडे कुणीतरी राहत होतं.