टीव्हीला कुणी सांगितलं?

डोक्याला मऊ रुमाल बांधलेली बाई पडद्यावर हसली आणि बाबांनी झडप घालून रिमोट उचलला. "उपचारांच्या काळातही तुमचं हसू..." एवढंच ऐकू आलं. पुढच्या वाहिनीवर फुटबॉल चालू होता. बाबांना फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं, तरी ते डोळे फाडून बघत बसले.

"कोण जिंकतंय?" मुलीनं विचारलं.

"निळे."

"बाबा, निळ्या कपड्यांत कुणीच नाही."

"मग हरून घरी गेले असतील."

ती हसली. अर्धं जेवण तसंच ठेवून ताट उचललं आणि स्वयंपाकघरात गेली. घरात ही दोघंच. बायको गेल्यापासून बापलेकीचं असंच चालायचं. चेष्टा भरपूर, मनातलं कमी.

बाबांचा जन्म पुस्तकं बांधण्यात गेला होता. सुटी पानं शिवायची, पुठ्ठा चढवायचा, वर कापड. लोक त्यांच्याकडे खासगी वह्या, आईवडिलांची जुनी पत्रंसुद्धा बांधायला देत. पानं लावताना चार ओळी नजरेखालून जायच्याच. पण बाइंडरच्या तोंडाची शिवण पुस्तकापेक्षा पक्की, अशी त्यांची ख्याती होती आणि बाबांना तिचा थोडा अभिमानही होता.

या वेळी गुपित त्यांचं स्वतःचं होतं. थंडीतला खोकला लांबला म्हणून ते इस्पितळात गेले आणि गेल्या आठवड्यात डॉक्टरांनी छातीच्या फोटोतला डाग दाखवला. उपचार लगेच सुरू करायला हवेत, म्हणाले.

"महिनाअखेरीला करू," बाबा म्हणाले.

"महिनाअखेर कशाला?"

"मुलगी तेव्हा विमानात बसते."

दोन वर्षांची नोकरी होती, समुद्रापलीकडे. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच पोरीच्या मनासारखं काही घडत होतं. तिला सुगावा लागला असता, तर भरलेली बॅग तिनं त्याच क्षणी उपसली असती. तेवढं होऊ द्यायचं नव्हतं.

म्हणून इस्पितळात जाताना बाबा फोन घरीच फळीवर ठेवून जात. पैसे रोख देत. मुलीनं पहिल्या पगारातून घेतलेला बोलका डबा स्वयंपाकघरात होता. विचारलं की हवामान सांगायचा, गाणी लावायचा. त्याच्यासमोर तर ते खोकलासुद्धा गिळून टाकत.

तरी टीव्हीला कळलं होतं. केसांचे टोप, मळमळ थांबवणाऱ्या गोळ्या, रुग्णांसाठी मऊ उशा. एरवी जाहिरात लागली की बाबा हातातल्या पुस्तकात डोकं घालत. आता एकेक शब्द कानात सुईसारखा शिरत होता. भिंतीला कान असतात हे ठाऊक होतं, पण भिंतीवर टांगलेल्या वस्तूला तोंडही फुटेल, हे कुणाच्या ध्यानीमनी होतं?

"तो डबा काढून टाकू या का?" त्यांनी भीतभीतच विचारलं. मुलगी भांडेल, याची त्यांना खात्री होती.

तिनं उठून सरळ वायरच ओढली.

"मीच म्हणणार होते. घरातलं घरात राहिलेलं बरं."

"आणि टीव्ही?"

"त्याचंही बघते. तुम्ही नका डोकं लावू."

पोर किती समजूतदार झाली, बाबांना वाटलं. पण जीव थाऱ्यावर येईना. वायर ओढली म्हणून डब्यानं ऐकलेलं थोडंच परत येणार होतं? पुस्तक एकदा लोकांत वाटलं गेलं की बाइंडर तरी काय करणार?

दुसऱ्या दिवशी दुपारी मुलगी व्हिसाच्या कामाला गेली. हल्ली अशा खेपा बऱ्याच व्हायच्या आणि संध्याकाळी ती पार पिळून निघाल्यासारखी परतायची. दार लागताच बाबांनी मफलर गुंडाळला आणि डबा, टीव्ही, फोन ज्या कंपनीचे होते, तिचं ग्राहक केंद्र गाठलं.

काउंटरवर जाड भिंगांचा चष्मा लावलेली मुलगी होती. बाबांनी घसा साफ केला. वाक्य वाटेत दहादा घोकलं होतं.

"माझ्याबद्दल तुम्ही जे जे जमा केलंय, ते सगळं पुसा. धागासुद्धा ठेवू नका."

तिनं ओळखपत्र पाहिलं. बाबांच्या फोनवर पडताळणीचा आकडा आला, तो त्यांनी चाचरत वाचून दाखवला. तिनं पडद्यावर नजर फिरवली आणि तिला हसू आलं.

"काका, तुम्ही फोन वापरता की नुसता सांभाळता?"

"का हो?"

"शब्दकोडी आणि हवामान. यापलीकडे तुमच्याबद्दल आमच्याकडे एक अक्षर नाही. अशी माणसं आता बघायलाही मिळत नाहीत."

बाबांची छाती क्षणभर फुगली. इतक्या मोठ्या कंपनीला पुरून उरलो म्हणायचं! मग त्यांच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"मग टीव्हीवर त्या... आजारी माणसांच्या जाहिराती कशा येतात?"

"एका घरातल्या वस्तू एकाच इंटरनेटवर असतात ना? एकावर काही शोधलं की शिंतोडे सगळ्यांवर उडतात." तिनं दोनचार कळा दाबल्या. "टीव्ही तुमच्या नावावर आहे, म्हणून एवढं सांगते. या जाहिराती उन्हाळ्यापासून चालू आहेत."

"उन्हाळ्यापासून? छे! मला तर गेल्याच आठवड्यात..."

काउंटरवरची मुलगी पडद्याकडे बघत राहिली. मग तिनं तो हलकेच आपल्याकडे वळवून घेतला.

"घरात आणखी एक फोन आहे, काका. पण त्यातलं मला तुम्हाला सांगता येणार नाही."