न हलणारा हिरवा

घोडीवरच्या नवरदेवाची मान आज फेट्यापेक्षाही ताठ होती. वरात त्याच्याच चौकात आली होती. सिग्नल, खांबावरचे कॅमेरे, ते सिग्नलला जोडणारा लोखंडी पेटीतला नेटवर्क स्विच, सगळं त्यानंच बसवलेलं. ज्या रस्त्यावर गर्दी दिसेल, त्याला हा सिग्नल आपणहून जास्त वेळ हिरवा दिवा देई. हवालदार लागतच नसे.

कॅमेऱ्याला वरात दिसली आणि हिरवा लागला. मंडळी तिथंच नाचत राहिली, म्हणून गर्दी हलेना. गर्दी हलेना, म्हणून हिरवा जाईना.

"बघा, आमच्या भाच्याला सिग्नलसुद्धा मान देतो!" मामा बँडवाल्यांवर ओरडले, "वाजवा रे, अजून हिरवाच आहे!"

तेवढ्यात नवरदेवाचा फोन वाजला. लग्न लावणारे गुरुजी होते.

"अहो, चौकातल्या आडव्या रस्त्यावर अडकलोय! मघापासून लाल तो लालच. मुहूर्त टळेल हो!"

नवरदेवाला घाम फुटला. कंट्रोल रूममधून सिग्नल बदलता आला असता. पण कंट्रोल रूममधली सगळी पोरं रजा टाकून घोडीपुढे नाचत होती. त्यानं हाका मारल्या. त्यांनी वर बघून शिट्ट्या मारल्या आणि ती दुप्पट जोरानं नाचू लागली.

फोनवर गुरुजींचा तोल सुटला होता. "हा सिग्नल ज्या गाढवानं बसवला, त्याला कुणी मुलगी तरी कशी दिली?"

नवरदेवानं तोंडावरच्या मुंडावळ्या बाजूला सारल्या.

"अजून दिली नाही, गुरुजी. तुम्ही पोचलात की देतील."