साहेबासारखी खोली

पिंपरीच्या कंपनीतल्या साहेबाच्या बंगल्यात मुलांना खेळायला वेगळी खोली आहे, हे पाहिल्यापासून ताथवड्याच्या उद्धवरावांना चैन पडेना. त्यांनी घरातल्या एका खोलीची सारवलेली भुई उकरून तिथं गुळगुळीत शहाबादी फरशी बसवली. आठ दिवसांत दोन्ही पोरांच्या कपाळांवर टेंगळं आली आणि धाकट्याचा पुढचा दात गेला.

"लेकरं खेळताना पडायचीच, भुई मऊ पायजे," म्हणत उद्धवरावांच्या आईनं, अंबूबाईनं, फरशीवर चार बोटं माती चोपली आणि वरून शेणानं सारवलं. पोरं पुन्हा खुशाल कोलांट्या मारू लागली.

उद्धवराव मात्र आल्यागेल्याला त्या खोलीत नेत आणि कोपऱ्यातली माती नखानं खरवडून दाखवत,

"खाली शहाबादी हाय, राव!"