कोणाविरुद्ध

डावं मनगट उजव्यापेक्षा जवळजवळ बोटभर बारीक झालं होतं. प्लास्टर निघून तीनच दिवस झाले होते. मुलगी ते मनगट टेबलाखाली मांडीवर ठेवून बसली होती.

मोफत कायदेशीर सल्ल्याच्या त्या खोलीत एक टेबल, तीन खुर्च्या आणि एक प्रिंटर होता. प्रिंटर अडला की वकीलबाई त्याला थोपटत. "हा आमचा जावई. मनधरणी केल्याशिवाय कागद सोडत नाही." मुलगी हसली नाही. बाहेरच्या बाकावर प्रत्येकासोबत कोणी ना कोणी होतं. ती एकटी आली होती.

वकीलबाईंनी सगळं सावकाश समजावलं. सोळाव्या वर्षी आपल्या मर्जीनं वेगळं राहता येत नाही. तक्रार मात्र स्वतः करता येते, त्यावर घरच्या कोणाची सही लागत नाही. मग बालकल्याण समिती मुलीचं म्हणणं ऐकते. समितीला पटलं तर विश्वासातल्या नातेवाइकाकडे ठेवते, नाही तर मुलींच्या वसतिगृहात. शाळा सुटत नाही.

"कायद्याच्या लेखी तू लहान आहेस बाळा. पण खरं सांगायला वयाची अट नाही."

असा कोणी नातेवाईक आहे का, यावर मुलीनं बराच विचार केला आणि नाही म्हणाली.

सांगून तिनं आधीही पाहिलं होतं. मागच्या वर्षी वर्गशिक्षिकेला दंडावरचे वळ दाखवले. त्या हळहळल्या आणि म्हणाल्या, आईला सांग. हात मोडला तेव्हा शेजारच्या काकूंनी दवाखान्यात नेलं. कसा मोडला, डॉक्टरांनी विचारलं. मोडला, ती म्हणाली. हात मोडला, एवढं वाक्य पुरतं. त्याला कर्ता लागत नाही. काकू म्हणाल्या, तिची आई येईलच, ती बघून घेईल.

वकीलबाईंनीही विचारलं, आईला बोलावून घेऊ का, ती पाठीशी असली की धीर येतो. मुलगी चटकन नको म्हणाली. वकीलबाईंना ते समजलं. नवऱ्याच्या धाकानं तोंड शिवून बसलेल्या आया त्यांनी वीस वर्षं पाहिल्या होत्या. 'कोणाविरुद्ध' या रकान्यात त्यांनी न विचारताच वडिलांचं नाव भरलं. अर्जात ते वर होतंच.

जावयानं या वेळी मुकाट्यानं कागद दिला. आता फक्त सही राहिली होती. सही केली की आज संध्याकाळी त्या घराची पायरी चढावी लागणार नव्हती. आणखी एक शब्दही बोलावा लागणार नव्हता.

मुलीनं कागद वाचला. रकान्यातल्या नावाशी थांबली. त्या माणसाचा आवाज दर रविवारी जहाजावरून यायचा, खरखरत, तुटत. दोन वर्षांत तो घरी आला नव्हता. नीट जेवतेस ना, एवढं तो प्रत्येक वेळी विचारायचा.

वकीलबाईंनी पेन पुढे केलं. तिनं ते घेतलं, टोपण काढलं, पुन्हा लावलं आणि पेन टेबलावर ठेवलं.

"हे नाव खोडा मॅडम," ती म्हणाली. "आईविरुद्ध लिहा."