आकडा सांग

"स्टँड डुगडुगत नाही ना?" लाइलने गाडीतून ओरडून विचारलं.

"तू येऊन बसलास तर डुगडुगेल," त्याची बायको आर्डिथ म्हणाली आणि पाण्याने भरलेला कॅन तिने टीव्हीच्या डिशच्या स्टँडला खालून टांगला. आता वारा आला तरी डिश जागची हलणार नव्हती.

दुपार कलली होती. पाइनच्या झाडांमधून पिवळे परागकण इतके सावकाश खाली येत होते, की ते पडताहेत की वर चाललेत हे कळत नव्हतं. अशा दुपारी आपण जागे आहोत की नाही, हे दुसऱ्या कुणाला तरी विचारून खात्री करून घ्यावी लागते. पलंग, शेगडी आणि टीव्हीसकट सगळं पोटात घेतलेली त्यांची लांबडी गाडी झाडांच्या सावलीत उभी होती. डिश मात्र वीस पावलांवर मोकळ्यात होती, कारण दक्षिणेकडचं आभाळ तेवढ्याच तुकड्यात उघडं होतं.

ही डिश लाइलने निवडली होती. दुकानदार टपावर बसवायची घुमटासारखी डिश गळ्यात मारायला बघत होता. बटण दाबलं की उपग्रह आपली आपण शोधते, म्हणाला.

"आणि टप झाडाखाली असला तर? पानांतून शोधेल?" लाइलने विचारलं होतं. मग त्याने स्टँडवाली डिश मागवली, तिच्या कडा, स्क्रू, सांधे बोटांनी चाचपून पाहिले आणि म्हणाला, "ही. खोक्यावर काय, वाटेल ते छापतात. लोखंड हाताला कळतं."

माहितीपत्रक तेवढं आर्डिथने वाचायचं, असं ठरलं. तिच्या आवाजात ऐकलं की डोक्यात बसतं, असं त्याचं म्हणणं. तीनदा वाचून घेतलं आणि आता सगळं त्याला तोंडपाठ होतं. एरवी आर्डिथ वैतागली असती, पण या वर्षी त्याचा खांदा धरला होता आणि गाडीही तीच चालवत होती. एवढ्या कामांत आणखी एक.

डिश टीव्हीला जोडायच्या केबलचं वेटोळं तिने दाराबाहेरच्या खुर्चीच्या पाठीला अडकवलं, तेवढ्यात फोन वाजला. ट्रूडी, त्यांची मुलगी.

"आई, जेवलात? शेगडी बंद केलीस?"

"केली गं बाई. दोनदा पाहिली."

एप्रिलमध्ये गॅस रात्रभर उघडा राहिला होता. त्याआधी गाडीची किल्ली फ्रीजमध्ये सापडली होती. तेव्हापासून ट्रूडी आईशी, लहान मुलाशी बोलावं तसं बोलायची.

"ठरल्याप्रमाणे हं," ट्रूडी म्हणाली. "डिश तुमची तुम्ही लावायची. शेजाऱ्यांना बोलवायचं नाही. सहाला टीव्हीवर सामना सुरू झाला की त्याचा फोटो पाठव; मग खुशाल फिरा, मी सप्टेंबरपर्यंत तोंड उघडणार नाही. नाही जमलं, तर शनिवारी आम्ही येतो आणि तुम्हाला गाडीसकट आमच्याकडे घेऊन जातो. मागची खोली रंगवून ठेवली आहे, आई."

"कुठला रंग?"

"फिका निळा."

"छान," आर्डिथ म्हणाली. फोन तिने खिशात टाकला. त्या खोलीच्या खिडकीतून शेजाऱ्याची भिंत दिसते, हे तिला माहीत होतं. सगळं विसरत चाललं होतं, पण ती भिंत तिच्या डोक्यातून जात नव्हती.

आत जाऊन तिने टीव्हीवर सिग्नलच्या आकड्याचं पान लावलं आणि लाइलला समोर बसवलं. डिश नीट वळली की आकडा चढतो. ऐंशीच्या वर गेला की चित्र दिसलंच म्हणून समजा. या गाड्यांतून फिरणाऱ्या प्रत्येक जोडप्याची रीत हीच: एकाने बाहेर डिश फिरवायची, दुसऱ्याने आतून आकडा ओरडायचा. निम्मी भांडणं त्यावरूनच होतात.

"सगळं झालं?" लाइलने विचारलं.

"सगळं," ती म्हणाली आणि डिशपाशी गेली. "आकडा सांग!"

"फिरव आधी! बोटभर. मग चार सेकंद थांब, पत्रकात लिहिलंय."

तिने बोटभर फिरवली आणि चार मोजले.

"वीस!"

आणखी बोटभर.

"चौतीस! अगं, रांगतेयस का? जरा जोरात!"

"म्हाताऱ्या, तू ये बाहेर. मी खुर्चीत बसून हुकूम सोडते."

"एकावन्न! बघ, चिडलीस की चढतो."

तिला हसू आलं. परागकण तिच्या बाहीवर बसत होते. बोटभर, चार सेकंद. सदुसष्ट. बोटभर. अठ्ठ्याहत्तर. किती महिन्यांत एखादी गोष्ट तिच्या हातून अशी सरळ घडली नव्हती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिने ते येऊ दिलं.

"सत्त्याऐंशी! बास! आवळ स्क्रू!"

तिने स्क्रू आवळला. सहाला दहा मिनिटं कमी होती. ती गाडीकडे निघाली, खिशात फोटोसाठी फोन, मनात आख्खा उन्हाळा. दाराशी आली आणि थांबली.

खुर्चीच्या पाठीला केबलचं वेटोळं तसंच लटकत होतं. दुकानातून आलं तसं, पिवळ्या तारेने बांधलेलं.

विसरले. पुन्हा विसरले. ट्रूडीचं खरं होतं, शनिवार खरा होता, ती भिंतही खरी होती. लाइलला सांगायला तिने खिडकीतून आत पाहिलं.

टीव्हीवर भलं मोठं शून्य होतं. त्याच्यापासून हातभर अंतरावर, मान पुढे काढून, त्याच्याकडे टक लावून लाइल बसला होता.

"आर्डिथ, हात लावू नकोस आता!" तो आनंदाने ओरडला. "अठ्ठ्याऐंशी झाला!"