करवतीची ताकद

झाडं तोडणाऱ्याची पेट्रोलवरची करवत भारी नखरेल होती. रेस जरा कमी झाली की बंद! परसातला आवाज थांबला की बायको हातातलं काम टाकून खिडकीतून हाक मारायची, "अहो, ठीक आहात ना?"

"जिवंत आहे गं बाई!" तो वैतागून ओरडायचा आणि पुन्हा दोरी ओढत बसायचा.

शेवटी कंटाळून त्याने करवत मेकॅनिक मेहुण्याकडे टाकली. मेहुण्याने इंजिन आतून घासलं, सायलेन्सर मोकळा केला, रेस चढवून ठेवली. "दाजी, आता ताकद बघा! हातातून सुटली तरी बंद पडायची नाही."

दुसऱ्या दिवशी त्याने परसातलं वाळकं झाड पाडायला घेतलं. करवतीने घर डोक्यावर घेतलं होतं. मध्येच झाड पडल्याचा धाडकन आवाज आला, पण करवत चालूच होती. म्हणजे आता फांद्या छाटत असतील, असं म्हणून बायको निवांतपणे कपड्यांच्या घड्या घालत राहिली.

बऱ्याच वेळाने पेट्रोल संपून करवत गप्प झाली, तेव्हा तिने खिडकीतून हाक मारली, "अहो, ठीक आहात ना?"



या वेळी कुणी वैतागलं नाही.